भोसरीच्या गाळ्यांतला रोजगार कसा मोजावा

अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रबंधिकेचा विषय घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कागदावर बहुधा एकच वाक्य असते: 'पुणे जिल्ह्यातील नवोन्मेष, उद्योजकता व रोजगार: एक अभ्यास'. विषय उत्तम आहे, परंतु त्यात प्रश्न कोठेच नाही, आणि प्रश्न नसल्यामुळे पुढचे सहा महिने आकडे गोळा करण्यात जातात व शेवटी कोष्टके भरपूर, निष्कर्ष काहीच नाही, अशी अवस्था होते. पुढील मजकूर अशा विद्यार्थ्यासाठी, तसेच नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी असा एखादा छोटा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी लिहिला आहे. सुट्टीच्या दिवशी असे म्हटले खरे, पण पुण्याजवळच्या भोसरी या कारखान्यांच्या भागात जायचे तर रविवार चालतो आणि गुरुवार चालत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

पहिले काम म्हणजे विषयाचा प्रश्न करणे. नवोन्मेष, रोजगार आणि उद्योजकता हे तीन शब्द एका वाक्यात सहज बसतात, मात्र एका प्रबंधिकेत तिन्ही पेलत नाहीत. म्हणून एकाला मध्यभागी ठेवावे आणि उरलेल्या दोघांना त्याच्या सोयीने घ्यावे. उदाहरणार्थ: भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या, वीसपेक्षा कमी माणसांच्या ज्या यंत्रशाळा दहा वर्षांपूर्वी चालू होत्या, त्यांपैकी आज किती चालू आहेत, आणि ज्या टिकल्या त्यांतली माणसे वाढली की यंत्रे? या प्रश्नात जागा आहे, धंदा आहे, आकार आहे, काळ आहे, आणि उत्तर दोन्ही बाजूंना जाऊ शकते. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न ('लघुउद्योगांचे रोजगारातील महत्त्व') घेऊ नये.

टिकलेले दिसतात, गेलेले दिसत नाहीत

या क्षेत्रातला जुना वाद येथे थोडक्यात माहीत असायला हवा. १९७९ मध्ये डेव्हिड बर्च यांनी अमेरिकेतील नव्या नोकऱ्यांचा मोठा वाटा छोट्या उद्योगांतून येतो असे मांडले, आणि जगभरच्या धोरणकर्त्यांनी ते उचलून धरले. पुढे २०१३ मध्ये जॉन हॉल्टिवांगर, रॉन जार्मिन आणि हाव्हिएर मिरांडा यांनी अमेरिकेतील उद्योगांची वर्षानुवर्षांची नोंद तपासून दाखवले की उद्योगाचे वय हिशेबात धरले की आकार व वाढ यांचा ठाम संबंध उरत नाही. नोकऱ्या निर्माण करतात ते नवे उद्योग, आणि नवे उद्योग बहुधा छोटे असतात एवढेच. त्याच नव्या उद्योगांपैकी बरेचसे काही वर्षांत बंदही पडतात. २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना जोएल मोकिर यांच्यासह मिळाले त्या फिलिप अघियाँ व पीटर हॉविट यांच्या १९९२ च्या सिद्धांतात, आणि त्याच्याही आधी जोसेफ शुंपीटर यांच्या लेखनात, जुने मोडून नवे उभे राहणे हाच वाढीचा मार्ग मानला आहे. त्यामुळे फक्त उभे असलेले उद्योग मोजणारा अभ्यास हा अर्धाच अभ्यास ठरतो. माझ्या मते पुण्यातील बहुतेक प्रबंधिका नेमक्या येथेच फसतात, म्हणून पुढील सर्व सूचनांमागे एकच आग्रह आहे: बंद पडलेला गाळा वहीतून निसटू देऊ नये.

हे किती फरकाचे असते ते एका कल्पित हिशेबावरून पाहावे. समजा, एका पेठेसारख्या लहानशा वसाहतीत १०० गाळे होते आणि त्यांत ९०० माणसे कामाला होती. पाच वर्षांत त्यांतले ३० गाळे बंद झाले, त्यांत १५० माणसे होती. उरलेल्या ७० गाळ्यांतली माणसे ७५० वरून ८४० झाली, आणि २५ नवे गाळे सुरू झाले त्यांत १२५ माणसे लागली. आज तेथे ९५ गाळे व ९६५ माणसे आहेत. आता अभ्यासक आज जातो, ९५ मालकांना भेटतो, 'पाच वर्षांपूर्वी किती माणसे होती?' असे विचारतो, आणि त्याला ७५० हा आकडा मिळतो, कारण बंद झालेल्यांची आठवण सांगायला कोणी नाही आणि नव्यांचे उत्तर शून्य आहे. ७५० वरून ९६५, म्हणजे सुमारे २९ टक्के वाढ! प्रत्यक्षात ९०० वरून ९६५, म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास. कोणीही खोटे बोललेले नाही, बेरीजही चुकलेली नाही, तरी निष्कर्ष चौपट फुगला आहे. शिवाय ६५ या निव्वळ वाढीच्या पोटात २१५ नोकऱ्यांची भर आणि १५० नोकऱ्यांची घट दडलेली आहे, आणि ज्या १५० जणांची नोकरी गेली ते नव्या २१५ जागांवर लागले की गावी परतले, हा श्रमबाजाराचा खरा प्रश्न आहे.

यादी आजची नको, जुनी हवी

वरील चुकीवर उपाय एकच: सुरुवात जुन्या यादीपासून करावी आणि आजकडे चालत यावे. उद्योजक संघटना अधूनमधून सभासदांच्या निर्देशिका छापतात. त्यांच्या जुन्या प्रती संघटनांच्या कार्यालयांत, ग्रंथालयांत आणि कधीकधी रद्दीच्या दुकानातही मिळतात. १९३४ मध्ये स्थापन झालेली मराठा चेंबर ही पुण्यातील अशी सर्वांत जुनी संस्था, तेथून चौकशी सुरू करावी. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत आठ किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांसाठी नावपत्त्याची स्वतंत्र अनुसूची भरून घेतली होती. ती यादी हाती आली तर फारच उत्तम. यादी निवडताना ती कोणी, कशासाठी केली हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण वर्गणी भरणाऱ्या सभासदांची यादी म्हणजे सर्व गाळ्यांची यादी नव्हे. वर्गणी भरू न शकणारा गाळाच बहुधा आधी बंद पडतो.

कंपनी नोंदणीची माहितीही या कामी येते. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो; त्यात उद्योगाचा पाच अंकी संकेतांक, राज्याची दोन अक्षरे आणि स्थापनेचे वर्ष उघडपणे वाचता येते, त्यामुळे कोणत्या वर्षी किती कंपन्या जन्मल्या याचे कोष्टक एका दुपारी तयार होते. पुण्याला स्वतंत्र कंपनी निबंधक कार्यालय असल्याने निवड सोपी होते. मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोंदणीकृत पत्ता प्रभात रोडवरच्या घराचा असू शकतो आणि कारखाना चाकणला असू शकतो. कंपनीचे नाव नोंदवहीतून काढले जाते ती तारीख आणि शेडला कुलूप लागले ती तारीख यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की गाळेवाल्यांपैकी बरेचजण एकल मालकीत किंवा भागीदारीत धंदा करतात, त्यांचा या नोंदवहीत मागमूसही नसतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू झाली. त्यामुळे २०२०-२१ मध्ये उद्योगांचा पूर आलेला दिसतो तो नोंदींचा पूर आहे, उद्योगांचा नव्हे. नोंदणीची तारीख सोडून उत्पादन सुरू झाल्याची तारीख घ्यावी. तसेच १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत १ कोटीवरून अडीच कोटींवर आणि उलाढालीत ५ कोटींवरून १० कोटींवर गेली आहे, तेव्हा या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या 'सूक्ष्म' उद्योगांची तुलना थेट करू नये.

सरकारी आकडे: काय मागावे, काय मागू नये

नियतकालिक श्रमबल पाहणी २०१७ पासून चालू आहे आणि तिची व्यक्तिनिहाय माहिती विनामूल्य उतरवून घेता येते. जानेवारी २०२५ पासून तिची रचना बदलली: नमुना गटांची संख्या १२,८०० वरून २२,६९२ झाली, जिल्हा हा नमुन्याचा मूळ स्तर झाला आणि मासिक अंदाज येऊ लागले. त्याआधीच्या वर्षांतून 'पुणे जिल्ह्यातील बेरोजगारीचा दर' काढण्याचा मोह आवरावा. नमुना त्यासाठी आखलेलाच नव्हता. जे काही काढाल ते भारांक (नमुन्यातली एक व्यक्ती प्रत्यक्षातल्या किती जणांच्या वतीने मोजायची तो आकडा) लावून काढावे. भारांक न लावता काढलेली टक्केवारी परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही, आणि सुटू नये.

या पाहणीतील कामाच्या स्थितीचे संकेतांक उद्योजकतेच्या अभ्यासकाने पाठच करावेत. ११ म्हणजे स्वतःच्या बळावर धंदा करणारा, १२ म्हणजे इतरांना नियमित कामावर ठेवणारा, २१ म्हणजे घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस, ३१ म्हणजे नियमित पगारी. वर्तमानपत्रांत या पहिल्या तिघांची बेरीज 'स्वयंरोजगार' म्हणून छापली जाते आणि तीच पुढे 'उद्योजकता' म्हणून फिरते. नळस्टॉपजवळ पोह्यांची गाडी लावणारा, त्याला कांदा चिरून देणारी त्याची बायको आणि भोसरीत चाळीस माणसांचा पगार करणारा कारखानदार हे तिघेही त्या एका शब्दात येतात. एरिक हर्स्ट व बेंजामिन पग्सली यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील लहान धंदेवाल्यांबद्दल दाखवले होते की बहुतेकांना धंदा वाढवायचाही नसतो आणि काही नवे करून पाहायचेही नसते. आपल्याकडे नोकरी मिळत नाही म्हणून धंदा करणाऱ्यांची त्यात भर पडते. तेव्हा ११ व १२ यांना कधीही एकत्र करू नये; ११ मधून १२ मध्ये कोण जाते, हा प्रश्न मात्र अवश्य घ्यावा.

कारखान्यांच्या वार्षिक पाहणीबाबत एकच सूचना, पण ती महत्त्वाची. तिच्यात मोठे कारखाने दर वर्षी घेतले जातात आणि लहान कारखाने नमुन्याने निवडले जातात. त्यामुळे एखादा लहान कारखाना पुढच्या वर्षीच्या माहितीत दिसला नाही तर तो मेला असे समजायचे नाही. त्या वर्षी त्याची चिठ्ठी निघाली नाही, इतकाच अर्थ. मी स्वतः या सापळ्यात पाय घालून 'मृत्युदर' काढला होता आणि तो इतका भयंकर आला की पुण्यात एकही कारखाना उरायला नको होता.

भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक आकड्यांतही असाच गुंता असतो: नवा खातेदार म्हणजे नवी नोकरीच असे नाही, जुन्याच कामगाराची नोंद आता झाली असेल, किंवा निधी लागू होण्याची वीस माणसांची मर्यादा ओलांडल्यामुळे सगळा गाळाच एकदम नोंदीत आला असेल.

गाळ्यावर जाताना

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि १९५० च्या दशकात त्याच शहराची फेरपाहणी केली. घरोघर जाऊन रोजगार व मिळकत विचारण्याची ही पुण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्यातला फेरपाहणीचा भाग आपण उचलायचा आहे.

जुनी यादी घेऊन वसाहतीत शिरावे, प्रत्येक पत्त्यावर थांबावे आणि चारांपैकी एक नोंद करावी: तोच उद्योग चालू आहे, उद्योग दुसरीकडे गेला आहे, मालक बदलला पण यंत्रे व माणसे तीच आहेत, किंवा उद्योग संपला आहे. चाकण, तळवडे किंवा रांजणगावला मोठी जागा घेऊन गेलेला गाळा हा मृत्यू नसून वाढ असते, आणि मूळ मालकाने यंत्रे विकून गाळा भाड्याने दिला असेल तर बाहेरून चालू दिसणारा गाळाही मृत्यूच असतो. हे शेजारच्या गाळ्यात, रखवालदाराकडे आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे विचारल्याशिवाय कळत नाही. 

माझ्या पहिल्या पाहणीत मी सवडीचा म्हणून गुरुवार निवडला होता. पहिल्या गल्लीत एकामागून एक कुलपे दिसली, मी मंदीबद्दल मनाशी परिच्छेद रचत वहीत 'बंद', 'बंद', 'बंद' असे लिहीत गेलो, आणि पुढच्या गुरुवारी दुसऱ्या गल्लीतही तेच. शेवटी टपरीवर चहा घेताना टपरीवाल्याने विचारले, "साहेब, दर गुरुवारी काय शोधता? आज सुट्टी असते, उद्या या." भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारची असते, हे मला माहीत असायलाच हवे होते. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तेव्हापासून नियम असा: कोणत्याही कुलपाला तीन वेगवेगळ्या वारी भेट दिल्याशिवाय 'बंद' लिहायचे नाही.

मालक भेटला की रोजगाराचा आकडा विचारण्याचीही रीत आहे. 'तुमच्याकडे किती कामगार आहेत?' या प्रश्नाला मिळणारे उत्तर हे मोजलेले नसते, ते सवयीचे असते. एका भेटीतला संवाद जवळजवळ शब्दशः असा होता.

"किती माणसं आहेत आपल्याकडे?"

"दहा-बारा धरा."

"आज सकाळच्या पाळीला हजेरीवर किती आहेत?"

"आज... सात."

"त्यांतले ठेकेदाराचे किती?"

"तिघं. पण ते आमचेच म्हणायचे, तीन वर्षं इथंच आहेत."

"रात्रपाळी?"

"काम आलं तर. दिवाळीआधी होती."

"घरचं कोणी असतं?"

"मुलगा बघतो ना सगळं, बिलं, जीएसटी, पार्टीचे फोन. पण त्याला काय कामगार म्हणायचं?"

दहा-बारा, सात, चार आणि आठ असे चार आकडे एकाच गाळ्यातून निघाले, आणि चारही बरोबर आहेत. मुलगा संकेतांक २१ मध्ये बसतो, ठेकेदाराची तीन माणसे ठेकेदाराच्या नोंदीत असतील किंवा कोठेच नसतील. म्हणून प्रश्नावलीत 'एकूण कामगार' असा एकच रकाना ठेवू नये. आज हजर, हजेरीपटावर, ठेकेदाराचे, शिकाऊ, घरचे असे वेगळे रकाने ठेवावेत आणि बेरीज आपण करावी. मालकाला सोसेल तर हजेरीपट पाहू द्यावा अशी विनंती करावी. नकार मिळाला तर पुन्हा आग्रह करू नये.

कामगाराशी बोलणे मालकासमोर करू नये. पाळी सुटताना, फाटकापासून थोडे दूर, चहाच्या टपरीवर बोलावे. पगार विचारताना 'हातात किती पडतात?' असे विचारावे, मग नगावर काम आहे का, जादा पाळीचे पैसे कसे मिळतात, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, असे एकेक करून पुढे जावे. भोसरीच्या गाळ्यांत मराठवाड्यातून आलेली मुले असतात तसेच बिहार-उत्तर प्रदेशातून आलेलेही असतात, तेव्हा प्रश्नावली मराठीत आणि हिंदीत, दोन्हीत तयार हवी. आधी काय काम करत होता आणि ते का सुटले, हे दोन प्रश्न प्रत्येकाला विचारावेत. मालकांच्या यादीतून निसटलेल्या बंद गाळ्यांचा पत्ता बऱ्याचदा याच उत्तरांतून लागतो.

नवोन्मेष पेटंटमध्ये शोधावा का?

शोधावा, पण तेवढ्यावर थांबू नये. भारतीय पेटंट कार्यालयाच्या सार्वजनिक शोधयंत्रणेत अर्जदाराचा व संशोधकाचा पत्ता मिळतो आणि अर्ज सर्वसाधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. वर्षनिहाय मोजणी करताना अर्जाची तारीख घ्यावी, कारण मंजुरीची तारीख शोधाबद्दल कमी आणि कार्यालयातील कामाच्या गतीबद्दल जास्त सांगते. पुण्याची मोजणी अर्जदाराच्या पत्त्यावरून केली तर हमखास चुकते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला शोध तिच्या पालकसंस्थेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) नावाने, दिल्लीच्या पत्त्यावर नोंदला जातो, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचे काम मुंबईच्या खात्यावर पडते. म्हणून संशोधकांचे पिनकोड पाहावेत आणि एका अर्जावर चार संशोधक असतील तर प्रत्येक पत्त्याला पाव भाग द्यावा.

गाळ्यांपर्यंत आल्यावर मात्र पेटंट जवळजवळ दिसेनासे होते. एका यंत्रशाळेत मी मालकांना गेल्या तीन वर्षांत काही नवे केले का असे विचारले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "नवीन काही नाही हो आमच्याकडे, जॉबवर्क करतो आम्ही." त्यांच्या मागे व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारे उभे यंत्र) चालू होते. त्यावरचा सेटर (यंत्र जुळवून देणारा कारागीर) एक ओतीव भाग चार बोल्ट आवळून बसवत नव्हता. त्याने स्वतः बनवलेल्या फिक्श्चरवर (भाग पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर) दोन भाग शेजारी शेजारी ठेवून, एकच खटका दाबून पकडत होता आणि एका प्लेटवरच्या भागांचे काम चालू असताना तोच दुसरी प्लेट बाजूला भरून ठेवत होता. यंत्र थांबतच नव्हते. पूर्वी हेच काम दोन यंत्रांवर, दोन ऑपरेटर घेऊन चाले. हा नवोन्मेष आहे, त्याने एका माणसाचे काम कमी केले आहे, आणि 'नवोन्मेष' हा शब्द वापरून विचारले असते तर प्रश्नावलीत 'नाही' असे उत्तर गेले असते.

नवोन्मेष मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिकेच्या २०१८ च्या आवृत्तीतही उत्पादन किंवा पद्धत त्या उद्योगाच्या आधीच्या रीतीपेक्षा लक्षणीय वेगळी असणे आणि ती प्रत्यक्ष वापरात किंवा ग्राहकापर्यंत आलेली असणे, एवढीच अट आहे. जगात प्रथम असण्याची नाही. तेव्हा प्रश्न असे विचारावेत: तीन वर्षांपूर्वी घेता येत नव्हते असे कोणते काम आता घेता? एका नगाला लागणारा वेळ कशामुळे कमी झाला? हे कोणाला सुचले? त्यानंतर त्या यंत्रावरच्या माणसाला कोणते काम दिले? नवोन्मेष आणि रोजगार यांना जोडणारा शेवटचा प्रश्न आहे, आणि तो सोडला तर दोन वेगळ्या प्रबंधिका एकाच पुठ्ठ्यात बांधल्यासारखे होते.

मालकाबद्दल एकच प्रश्न कटाक्षाने विचारावा: धंदा सुरू करण्यापूर्वी शेवटची नोकरी कोठे व कोणत्या कामावर होती? स्टीव्हन क्लेपर यांनी डेट्रॉइटच्या मोटार उद्योगाचा इतिहास तपासताना दाखवले की तेथील यशस्वी कंपन्यांपैकी कितीतरी कंपन्यांचे संस्थापक आधीच्या यशस्वी मोटार कंपन्यांतून बाहेर पडलेले होते. पिंपरी, आकुर्डी, मुंढवा, खडकी येथील मोठ्या कारखान्यांतून टूलरूमचा (हत्यारे व साचे बनवणाऱ्या विभागाचा) अनुभव घेऊन बाहेर पडलेले आणि मग त्याच कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे गाळेवाले भोसरीत जागोजागी भेटतात. त्यांची वंशावळ काढली की श्रमबाजार आणि उद्योजकता हे वेगळे विषय नाहीत हे कागदावरच दिसते.

'यामुळे' हा शब्द लिहिण्यापूर्वी

नवे यंत्र आले आणि माणसे कमी झाली, म्हणून यंत्रामुळे माणसे कमी झाली असे म्हणता येत नाही. मागणीच घटली असेल, किंवा चांगली ऑर्डर मिळालेल्या गाळ्यांनीच यंत्र घेतले असेल. तुलनेला दुसरा गट लागतो. डेव्हिड कार्ड व अॅलन क्रूगर यांचा १९९४ चा अभ्यास प्रत्येकाने मुळातून वाचावा. न्यू जर्सीने १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. दोन्हीकडील ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची आधी व नंतर पाहणी करून त्यांनी बदलांतला फरक काढला, आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे आढळले नाही. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे: दुसऱ्या फेरीपर्यंत कायमची बंद झालेली उपाहारगृहे त्यांनी यादीतून काढली नाहीत, त्यांचा रोजगार शून्य धरून हिशेबात ठेवली.

आपल्याकडे अशी संधी लघुउद्योगांच्या राखीव वस्तूंनी दिली. काही वस्तूंचे उत्पादन फक्त लघुउद्योगांनीच करावे असे धोरण १९६७ पासून होते, वस्तू टप्प्याटप्प्याने यादीतून वगळल्या गेल्या आणि शेवटच्या २० वस्तू २०१५ मध्ये वगळल्या. वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या वर्षी खुल्या झाल्यामुळे तुलना शक्य झाली. लेस्ली मार्टिन, शांती नटराज व अॅन हॅरिसन यांच्या २०१७ च्या अभ्यासात ज्या जिल्ह्यांत अशा वस्तूंचे उत्पादन अधिक होते तेथे रोजगाराची वाढ अधिक झाल्याचे दिसले. संरक्षण काढले की छोटे मरतील आणि बेकारी वाढेल, या अपेक्षेच्या नेमके उलट. त्या जिल्ह्यांत छोटे बंद पडलेच नाहीत असा याचा अर्थ नाही. नव्याने आलेल्यांनी आणि पूर्वी मर्यादेत अडकलेल्यांनी अधिक माणसे घेतली.

विद्यार्थ्याच्या आवाक्यात प्रयोग नसतो. तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी काही निवडक कारखान्यांना व्यवस्थापनाचा सल्ला विनामूल्य देऊन पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०१३ मध्ये दाखवले, पण त्यासाठी सल्लागार कंपनीचे शुल्क भरावे लागले. आपल्याला झेपेल ते असे: एकाच मोठ्या कारखान्याला एकाच प्रकारचे भाग पुरवणारे गाळे घ्यावेत, त्यांतल्या यंत्र घेतलेल्या व न घेतलेल्यांची यंत्र येण्याच्या आधीची दोन-तीन वर्षे शेजारी शेजारी मांडावीत, आणि तेव्हाही दोघांची चाल वेगळीच होती असे दिसले तर 'यामुळे' हा शब्द खोडून 'यासोबत' असा लिहावा. परीक्षक अशा खाडाखोडीचे गुण कापत नाहीत.

शेवटची तयारी आकड्यांच्या जतनाची. प्रत्येक गाळ्याला एक क्रमांक द्यावा, नाव-पत्त्यांची फाईल उत्तरांच्या फाईलपासून वेगळी आणि कुलपात ठेवावी, प्रबंधिकेत ओळखता येईल असा एकही तपशील जाऊ देऊ नये. एका गल्लीत लाल रंगाच्या शटरचा एकच गाळा असेल तर 'लाल शटर' हेसुद्धा नावच आहे. मुख्य कोष्टकात चालू गाळ्यांच्या ओळींखाली संपलेल्या गाळ्यांच्या ओळी त्याच क्रमाने ठेवाव्यात, त्यांच्या रोजगाराच्या रकान्यात रिकामी जागा न सोडता शून्य लिहावे, कारण रिकामी जागा संगणक गाळून टाकतो आणि शून्य मोजतो. क्रमांकांची किल्ली, म्हणजे कोणता क्रमांक कोणत्या गाळ्याचा याची यादी, मार्गदर्शकाकडे मोहोरबंद पाकिटात द्यावी आणि पाकिटावर भेटीची तारीख व वार, दोन्ही लिहावेत, म्हणजे पाच वर्षांनी येणारा पुढचा विद्यार्थी त्याच दारांवर जाऊन थाप मारू शकेल.